पडद्याला काठ, उशीला झालर

दिवाळी जवळ आली की घरोघर शिवणयंत्रे बाहेर निघतात. गेल्या साली आम्हीही टेरिकॉटच्या नव्या पडद्याला सुती लेस लावली. दिसायला झकास! पण पहिल्याच धुण्यात लेस आटली, टेरिकॉट होते तेवढेच राहिले, अन् पडद्याची खालची कड सगळी गोळा झाली. उसवण्यातच दोन दुपारी गेल्या.

तेव्हा सुती लेस असो की जुन्या लुगड्याचा काठ, आधी रात्रभर भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, मग इस्त्री. तांबडा काठ ओला असताना पांढऱ्या चिंधीत दाबून पाहा. चिंधीला रंग लागला तर फिक्या कापडाला तो लावूच नये.

४० सें.मी. चौकोनी उशीचा घेर १६० सें.मी. साध्या पट्टीला १७० घ्यावे, म्हणजे कोपरे अन् जोड भागतात. चुणीची झालर हवी तर दुप्पट, ३२०. नऊवारीच्या एका काठात अशा दोन उशा निघतात. विरलेला भाग तेवढा सोडावा.

शिवताना लेस ओढू नये, खरी मेख इथेच आहे. ओढून शिवलेली लेस मागाहून आखडते. आधी हाताने कच्चा दोरा घाला, यंत्राचा टाका जरा मोठा ठेवा. कोपऱ्यावर सुई कापडातच ठेवून यंत्राचा पाय उचला, कापड वळवा, पाय खाली घ्या. जोड मात्र कोपऱ्यात नको, उशीच्या खालच्या बाजूला मधोमध घ्यावा.