न पाठवलेल्या पाकिटांवरची तिकिटे

प्रश्न : लग्नपत्रिकेच्या पाकिटांवर ५ रुपयांची तिकिटे लावली होती. तारीख बदलली आणि पाकिटे तशीच राहिली. तिकिटे वाचतील का?
– एक वाचक, मंद्रूप (ता. दक्षिण सोलापूर)

उत्तर : जरूर वाचतील. शिक्का न पडलेले, न फाटलेले तिकीट वाया जात नाही. पाकीट उघडे असेल तर नवी पत्रिका त्यातच घाला. पत्ता बदलला असेल तर त्यावर कोरा कागद चिकटवा. तिकीट काढायचेच असेल तर भोवतीच्या कागदासह कापून कोमट पाण्यात १५-२० मिनिटे ठेवा. ओढू नका, डिंक सुटला की ते आपोआप सरकते. लाल-केशरी पाकिटे रंग सोडतात, ती वेगळी, थंड पाण्यात भिजवा. तिकीट टीपकागदावर पालथे वाळवा, मग जाड पुस्तकात दाबा. लावताना नवा डिंक वापरा. टपालातून आलेले, शिक्का चुकलेले तिकीट मात्र पुन्हा लावू नका. तो गुन्हा आहे.