मानेला हात लावू देण्याआधी

तिरुच्चीहून तंजावूरला परतताना वल्लमच्या अलीकडे आमच्या गाडीला मागून व्हॅनने ठोकलं. रक्त नाही, टेंगूळ नाही, शुद्धही गेली नाही. पण पुढचे कित्येक आठवडे डोकेदुखीने पिच्छा सोडला नाही. त्यातून जे पदरात पडलं, ते लिहून ठेवते.

१. डोकं आपटायलाच हवं असं नाही. मान जोरात हिसडली तरी कवटीच्या आत मेंदू हलतो आणि कन्कशन, म्हणजे मेंदूला धक्का, होऊ शकतं. बंपर शाबूत म्हणजे आतली माणसंही शाबूत, हा मेकॅनिकचा हिशेब झाला.

२. सीटी नॉर्मल आला की नातेवाईक पेढे वाटायला मोकळे होतात. त्या सीटीचा अर्थ एवढाच, की रक्तस्राव दिसला नाही आणि हाड मोडलेलं नाही. कन्कशन त्यात उमटत नाही. म्हणून पहिले एक-दोन दिवस घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून बघावं. दुखणं वाढत चाललं, पुन्हापुन्हा उलट्या झाल्या, जीभ जड झाली, हात किंवा पाय लुळा वाटला, फिट आली किंवा हाक मारूनही नीट जाग येईना, तर सरळ १०८ फिरवावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर वाट बघूच नये. खर्चाचं म्हणाल, तर तमिळनाडूत डिसेंबर २०२१ पासून ‘इन्नुयिर काप्पोम’ योजना आहे. रस्त्यावरच्या अपघातानंतर पहिल्या ४८ तासांचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत, ठरलेल्या मर्यादेत मोफत होतात. परराज्यातल्या माणसालाही. महाराष्ट्रातून तंजावूरचं मोठं देऊळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मी हे आधी सांगते, सरस्वती महाल ग्रंथालयाच्या वेळा नंतर.

३. मान कुणाच्याही हाती देऊ नये. आपल्याकडे उपाय सांगणाऱ्यांना तोटा नाही. शेजारीण म्हणाली, “अक्का, पुत्तूर कट्टूवाल्याकडे जा,” म्हणजे हाडवैद्याकडे. कुणी वर्मम, म्हणजे मर्मांचं शास्त्र, जाणणारा वैद्य सुचवला, कुणी कोपऱ्यावरच्या सलूनमधलं मान वाजवून घेणं. भाच्याने मोबाइलवर कायरोप्रॅक्टरचा व्हिडिओ पाठवला: मान धरली, कड्कन आवाज, रोगी हसतोय. आवाज ऐकूनच बरं वाटावं असा.

कायरोप्रॅक्टरची ही विद्या डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्टला सुरू केली. तिथे ती रीतसर शिकून, परवाना घेऊन करतात. आपल्या आयुषच्या पद्धतींत तिला जागा नाही, एमबीबीएसवाल्यांच्या शास्त्रातही नाही. तेव्हा पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ असलं, तरी शिक्षण कुठलं हे विचारायला लाजू नये.

खरी भीती वेगळीच आहे. मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतून दोन धमन्या मेंदूकडे जातात. अपघाताच्या हिसक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, आणि सुरुवातीला जाणवतं ते मानेत आणि डोक्याच्या मागच्या बाजूला दुखणं. म्हणजे ज्या दुखण्यासाठी माणूस मान मोडून घ्यायला जातो, नेमकं तेच! त्यावर झटका बसला, गुठळी सुटली, तर पक्षाघात. असं क्वचित होतं, पण मी तरी ते क्वचित माझ्या मानेवर आजमावणार नाही. डॉक्टरांनी मणके आणि नसा तपासल्यावर फिजिओथेरपिस्टकडे गेले. हनुवटी आत घेणं, खांदे मागे नेणं, हलका हात. मानेतून उठणारी डोकेदुखी त्याने उतरत गेली. आवाज एकदाही आला नाही.

४. अंधारात पडून राहणं एक-दोन दिवस पुरे. मग हळूहळू कामाला लागावं, दुखणं चढलं की एक पायरी खाली यावं. माझं काम मोडी कागद वाचण्याचं. मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिच्याखाली लोंबत जातात. ती रेघच लाटेसारखी हलायची. डोळे दोन ओळींत जुळत नसत. मग अर्धं पान, विसावा, पुन्हा अर्धं पान. जुन्या बस स्टँडच्या हॉर्नांत जाणं बराच काळ टाळलं.

५. दुखतंय म्हणून रोज गोळी घेऊ नये. महिन्यात दहा-पंधरा दिवस गोळ्या होऊ लागल्या, की गोळ्यांनीच डोकं धरायला लागतं.

६. लिहून ठेवावं. तंजावूरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या दरबारी डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं चित्रांसकट ठेवलेली, ती आजही सरस्वती महालात आहेत. त्या मानाने आपली वही साधी: कधी दुखलं, किती वेळ, आधी काय केलं, झोप किती. डॉक्टरांना तीन वाक्यांत जे सांगता येत नाही, ते वहीत सापडतं. आणि पहिल्याच दिवशी रुग्णालयात ‘ॲक्सिडेंट रजिस्टर’मध्ये चक्कर, मळमळ, मानदुखी, सगळं सांगून नोंदवून घ्यावं. त्या नोंदीच्या प्रतीला इथे सगळे ए.आर. कॉपी म्हणतात. महिन्यानंतर विमावाला विचारतो, “तेव्हा तर डोकं दुखत नव्हतं ना?” तेव्हा बोलते ती ही प्रत. झेरॉक्स द्यावी, मूळ कागद घरी ठेवावा.