वाडग्यासाठीं नक्षीदार लांकूड कसें कापावें ?

लेथवर वाडगा कातण्याचें सारें कौशल्य हत्याराच्या धारेंत आहे, असा सामान्य समज आहे. वास्तविक अर्धें काम लेथ फिरूं लागण्यापूर्वींच, ओंडक्यावर खडूनें रेघ ओढतांना होऊन जातें. करवत एकदां चालली, कीं तो निर्णय फिरवितां येत नाहीं. शिसवीसारख्या मंद वाढणाऱ्या वृक्षाच्या बाबतींत तर ही हानि लहान नव्हे. त्या जातीच्या लांकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ सालापासून नियंत्रण आहे.

मूळ तत्त्व एकच आहे. वाडगा कोरतांना मधलें लांकूड कीस होऊन जातें. तळ व भिंती तेवढ्या उरतात. म्हणून हवी ती नक्षी उरणाऱ्या भागांत पडली पाहिजे.

शिसवीचें बेचकें घ्या. खोड व दोन फांद्या यांचे तंतु जेथें एकमेकांत गुंततात, तेथें मोराच्या पिसासारखी नक्षी उमटते. ती या तिघांच्या मध्यांतून जाणाऱ्या पातळीजवळच असते. यास्तव करवत तिन्ही मध्यांतून न्यावी. आतां दोन अर्धे ठोकळे मिळाले. कापलेल्या बाजूस वाडग्याचें तोंड ठेविलें, तर उत्तम नक्षी किसांत जाईल. ती बाजू तळास व साल तोंडास ठेविली, तर नक्षी तळाशीं राहील. मात्र गाभ्यांतील भेंडापासून तडे सुरू होतात, म्हणून तेथील पातळ फळी काढून टाकावी. ती जाड काढूं नये; कारण नक्षी फार खोल जात नाहीं.

सरळ ओंडक्याचें असें नाहीं. तोंड सालीकडे ठेविलें, तर तळाशीं वर्षवलयें एकांत एक अशा लंबवर्तुळांत दिसतात. गाभ्याकडे ठेविलें, तर उथळ वाडग्यांत त्याच रेषा परस्परांकडे पाठ केलेल्या कमानींसारख्या होतात. लाटांसारखी नक्षी गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या छेदांत अधिक खुलते. गांठींतील डोळे मात्र सालीशीं समांतर कापल्यास वाटोळे दिसतात, आडवे छेदल्यास लांबट.

शेवटीं वाळवणीचा विचार. ओलें लांकूड वलयांच्या दिशेनें जितकें आकसतें, त्याच्या सुमारें निम्मेंच गाभ्याकडून सालीकडे आकसतें. म्हणून वाटोळा वाडगा वाळतां वाळतां लांबट होतो. यास्तव प्रथम भिंत व्यासाच्या एकदशांश जाड ठेवावी. १० इंची वाडग्यास १ इंच पुरे. तंतूंचीं उघडीं टोकें मेणानें बंद करून तो कांहीं महिने सावलींत ठेवावा, व मग पुन्हा कातून गोल करावा.

तेव्हां सुतारकामाच्या वर्गांत ओंडका हातीं आला, कीं प्रथम दोन्ही टोकें पाण्यानें ओलीं करून वलयें वाचा, भेंड कोठें आहे तें खुणावा, वाडग्याची आकृति खडूनें काढा, आणि तिच्या पोटांत काय नाहींसें होणार आहे याचा हिशेब करा. करवत त्यानंतर उचला.