मित्रकीटकाची झोप

वळवाचा पाऊस पडला की तिन्हीसांजेस कडुनिंबावर व बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात, हे खेड्यातील मुलांनी पाहिलेले असते. हे भुंगेरे तोवर जमिनीत निश्चल राहून पावसाची वाट पाहत असतात. प्रतिकूल काळात वाढ व हालचाल आवरून जगण्याच्या या अवस्थेस सुप्तावस्था म्हणतात. शत्रुकीटकाप्रमाणे काही मित्रकीटकांनाही ही शक्ती लाभली आहे आणि मनुष्याने तिचा उपयोग करून घेतला आहे.

ट्रायकोग्रामा ही परोपजीवी गांधीलमाशी एक मिलिमीटरहूनही लहान असते. उसावरील खोडकिड्याच्या पतंगाने घातलेल्या अंड्यात ती आपले अंडे घालते. तिची अळी आतील द्रव्यावर पोसते. तीन-चार दिवसांत पतंगाचे अंडे काळे पडते व सुमारे आठव्या दिवशी त्यातून नवी माशी निघते. पतंगाची अळी जन्मासच येत नाही. ती अळी एकदा खोडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचणे कठीण. म्हणून हा उपाय मोलाचा आहे.

प्रयोगशाळेत तांदळावरील पतंगाची अंडी कार्डावर चिकटवून त्यांत या माश्या वाढवितात. एका कार्डावर सुमारे १८ ते २० हजार अंडी असतात. मात्र माशीचे आयुष्य थोड्या दिवसांचे असते. ती लवकर निघाल्यास तिला अंडी सापडत नाहीत. उशिरा निघाल्यास अळी खोडात शिरलेली असते. तेव्हा माशीची वेळ शेताच्या वेळेशी जुळविली पाहिजे.

याचा एक मार्ग थंडीचा होय. कीटकांच्या शरीराची उष्णता हवेप्रमाणे कमीजास्त होते. म्हणून माश्या निघण्यापूर्वी कार्ड ५ ते १० अंश सेल्सिअस उष्णतेत ठेवल्यास त्यांची वाढ मंदावते. परंतु ही लादलेली निश्चलता आहे. ती फार लांबली तर माश्या कमी निघतात, काहींचे पंख अधू राहतात. म्हणून कार्डे दहा-पंधरा दिवसांपलीकडे ठेवू नयेत. बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच ठेवू नयेत.

दुसरा मार्ग खऱ्या सुप्तावस्थेचा. युरोपात मक्यावरील किडीविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या ट्रायकोग्रामाच्या जातीस अळी कोशात जाण्यापूर्वी काही आठवडे सुमारे १० अंशांत ठेवतात. ती झोपी गेली की सुमारे ३ अंशांत काही महिने सुरक्षित राहते. थंड प्रदेशातील काही जातींत आईने अनुभवलेला लहान दिवसही पिलांना झोपेकडे वळवितो. म्हणजे ही निद्रा पूर्वतयारीची असते. तयारीवाचून दिलेली दीर्घ थंडी घातक ठरते.

पाठाच्या वेळी शिक्षकांनी कार्डाच्या दोन पट्ट्या दोन बाटल्यांत घालून तोंडास दाट विणीचे फडके बांधावे. एक बाटली वर्गात सावलीत, दुसरी पाण्याच्या माठालगत ठेवावी. माश्या कोणत्या बाटलीत आधी निघतात, याची नोंद मुलांनी रोज करावी. निघालेल्या माश्या सायंकाळी उसात सोडाव्यात. कार्ड उन्हात ठेवू नये व त्या सुमारास कीटकनाशक फवारू नये, हे मुलांकरवी घरी पोचवावे.

प्रश्न : (१) काळे पडलेले अंडे पाहून शेतकऱ्यास आनंद का व्हावा? (२) लादलेली निश्चलता व सुप्तावस्था यांत भेद कोणता?