नाव काठावर असते तेव्हा

कोकणात पावसाळा तोंडावर आला की होड्या शाकारून ठेवतात आणि दर्या शांत झाला की पुन्हा पाण्यात लोटतात. आमच्याकडं नेमकं उलटं. बोरगाव, कारदगा, भोज या दूधगंगेच्या पट्ट्यात नावेचं काम पडतं ते आषाढ-श्रावणात, पुराचं पाणी वस्त्यांना वेढा घालतं तेव्हा. बाकीचं वर्ष ती काठावर पडून असते.   त्यामुळं कोकणातल्या जाणत्यांचा सल्ला आम्हाला अर्धाच लागू पडतो. तिथं उभ्या नावेला पावसापासून जपायचं, इथं चैत्र-वैशाखाच्या उन्हापासून.

२००५, २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना नावेचं मोल सांगायला नको. काळम्मावाडी धरणातून विसर्ग वाढला आणि खाली कृष्णा तुंबली, की दूधगंगेचं पाणी पुढं सरकतच नाही. कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड हे रस्ते बंद होतात. मग अडलेली बाळंतीण असो की डायलिसिसचा पेशंट, नावेशिवाय वाट नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या एका गावात अशीच नाव काढली, त्या नावेत मीही होतो. फायबरची, वरून नवी वाटावी अशी. मळ्यातल्या वस्तीवरची माणसं आणायची होती. उसाच्या शेंड्यांवरून जाताना इंजिनाचा आवाज बदलला. मागं वळून बघतो तर इंजिन कलायला लागलेलं. ज्या फळीवर ते आवळलं होतं तीच आतून कुजली होती. बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी झिरपत होतं, बोट घातलं तर लाकूड ओल्या चहापत्तीसारखं हाताला आलं. दोघांनी इंजिन कवटाळून धरलं, बाकीच्यांनी उसाला धरत धरत नाव परत बांधाला लावली. आम्ही सुखरूप आलो, पण वस्तीवरच्या माणसांना दुसरी नाव मिळेपर्यंत रात्र पत्र्यावर काढावी लागली. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली. तिथं नावेत मावतील त्याहून जास्त माणसं बसली होती, कारण वेगळं होतं. पण नाव भरवशाची नसली तर पुरात काय होतं हे त्या आठवड्यात सगळ्या नदीकाठानं पाहिलं.

फायबरच्या नावेची ही मागची फळी म्हणजे बहुतेक वेळा आत प्लायवूड आणि वरून फायबरचं आवरण. बोल्टच्या भोकातून एकदा पाणी आत शिरलं की बाहेर यायला वाट नसते. वरचा रंग चकचकीत राहतो आणि आत लाकूड सडत जातं. म्हणून नाव ठेवताना इंजिन उतरवा, बोल्ट काढून भोकं पूर्ण वाळू द्या, मग सीलंट भरूनच बोल्ट परत बसवा. वर्षातून एकदा रुपयाच्या नाण्यानं सगळी फळी ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तिथं ओल आहे, मग कारागिराला बोलवाच.

नाव पालथी ठेवावी, जमिनीपासून हातभर उंच, आणि तीन-चार ठिकाणी लाकडाचा आधार देऊन. एकाच ओंडक्यावर भार आला की नाव वाकते. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. वर पत्रा किंवा उसाच्या पाल्याचं छप्पर असावं आणि वारा खेळता राहावा. पालथ्या नावेला लागून शेणी रचणं, तिच्यावर मिरच्या वाळत घालणं, उताणी करून तिची गव्हाण करणं, हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय. हे गावानं बंद करायला हवं. आणि नाव दावणीच्या जनावरासारखी पक्की बांधलेली असू द्या, कारण मोठा पूर तिच्या जागेपर्यंतही येतो.

लाकडी नावेचं आणखी वेगळं. उन्हात फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून वर डांबर भरतात, ते वैशाखातच करून घ्यावं. मग मृग लागायच्या आत नाव दोन-तीन दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवावी, म्हणजे फळ्या फुगून सांधे मिटतात. पूर आल्यावर कोरडी नाव थेट पाण्यात लोटली तर ती भरणारच.

इंजिनाचा घात शिळं पेट्रोल करतं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि कार्बोरेटरमध्ये राहिलेला थेंब चिकट होऊन बसतो. पूर ओसरला की इंजिन बॅरलमधल्या स्वच्छ पाण्यात चालवून आतला गाळ धुवा, मग पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, आणि उभंच ठेवा. खालचं गिअर ऑइल काढून बघा. दुधाळ निघालं तर सील गेलंय. थंड पाणी फिरवणारा रबरी पंखा पडून पडून कडक होतो, तो एक जादा आणून ठेवा. हे पार्ट निपाणीत लगेच मिळत नाहीत, आणि पुरात निपाणीला जायचं तरी कसं?

लाइफ जॅकेट पोत्यात कोंबून अडगळीत टाकली की उंदीर पट्टे कुरतडतात. ती टांगून ठेवा. दर उन्हाळ्यात एकेक अंगात घालून, पट्टे ओढून, विहिरीत उतरून बघा. जे जॅकेट माणसाला तोलत नाही ते त्याच दिवशी कापून टाका, नाहीतर पुराच्या घाईत तेच कुणा लेकराच्या अंगात जातं.

आणि हे सगळं सामान ठेवलेल्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडं नको. एक नदीच्या अलीकडं, एक पलीकडं.