उतारावर बैल सोडू नये

१. रस्ता कसा आहे

पुण्याच्या दक्षिणेला कात्रजचा डोंगर आहे. साताऱ्याकडून मुंबईकडे जाणारा मोठा रस्ता हा डोंगर नव्या बोगद्यातून पार करतो. गाडी बोगद्याबाहेर आली की उतार लागतो. हा उतार थोडाथोडका नाही. दरी पूल मागे पडतो, स्वामिनारायण मंदिर मागे पडते, तरी रस्ता खालीच जात असतो. तो जातो थेट नवले पुलापर्यंत.

हा रस्ता मुळात शहराबाहेरून काढलेला. मोठ्या गाड्यांनी गावात शिरू नये, बाहेरच्या बाहेर निघून जावे, असा त्याचा हेतू. पण शहर वाढत वाढत रस्त्याला येऊन भिडले. आंबेगाव, नऱ्हे, वडगाव, धायरी इथे घरे झाली, कॉलेजे झाली, दुकाने झाली. आता वरून मालाने भरलेले ट्रक उतरतात, आणि खाली शहराची गर्दी असते. दुचाक्या, रिक्षा, कामावरून परतणारी माणसे, कॉलेजची मुले, सारी तिथेच.

अशा जागी काय घडते ते पाहा.

२० नोव्हेंबर २०२२. रविवारची रात्र. साताऱ्याच्या बाजूने एक ट्रक उतारावरून सुटला. त्याने पुढच्या गाड्यांना एकामागून एक धडका दिल्या. गाड्या एकमेकींवर आदळल्या. रस्ताभर काचा आणि पत्रा पसरला. अनेक माणसे जखमी झाली.

१३ नोव्हेंबर २०२५. संध्याकाळची वेळ. त्याच उतारावर एका कंटेनरचा ताबा सुटला. एक मोटार दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये सापडली. आग लागली. त्या दिवशी ८ माणसे घरी परत गेली नाहीत.

मधल्या काळात आणि त्याच्या आधीही या उतारावर कितीतरी अपघात झाले आहेत.

२. नशीब की कारण?

अपघात झाला की आपण काय म्हणतो? "त्याची वेळ भरली होती." "नशिबात होतं, दुसरं काय!" आणि ट्रक असला तर एक वाक्य ठरलेले, "ब्रेक फेल झाला."

२०२२ च्या अपघातानंतरही लोक हेच म्हणाले. पण पोलिसांच्या पहिल्या तपासात वेगळीच गोष्ट निघाली. डिझेल वाचावे म्हणून चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांनी सांगितले.

म्हणजे नशिबाच्या आधी एक कारण होते. आणि कारण असले की ते काढून टाकता येते. नशिबाला हात लावता येत नाही. किल्लीला आणि गिअरला लावता येतो.

एकाच जागी पुन्हा पुन्हा माणसे मरत असतील, तर दर वेळी नशीबच वाईट कसे असेल? तिथे रस्त्यात काही दोष असेल, गाडीत असेल, चालवणाऱ्यात असेल, चालणाऱ्यात असेल. तो शोधला पाहिजे.

३. उस्ताद आणि क्लीनर

खेड शिवापूरच्या पुढे एक ट्रक चहासाठी थांबला आहे. ट्रकमध्ये साखरेची पोती आहेत. म्हातारा चालक चहा पितो आहे. क्लीनर पोरगा नवा आहे. दोघांचे बोलणे ऐका.

पोरगा म्हणाला, "उस्ताद, आता बोगदा आला की पुढं उतारच उतार. गाडी न्यूट्रल टाकली की आपोआप पळंल. डिझेल वाचंल. मागच्या गाडीवरचे उस्ताद तसंच करायचे."

"तुझ्या गावाकडं बैलगाडी आहे का रे?" म्हाताऱ्याने विचारले.

"हाय की. आजाची हाय."

"भरलेली गाडी घाट उतरताना आजा काय करतो?"

"खाली उतरतो. कासरा आवळून धरतो. बैल मागं रेटून गाडी तोलून धरत्यात."

"आणि उतारावर आजानं बैलच सोडून दिले तर?"

पोरगा हसला. "गाडी धडाधडा खाली जाईल. वाटंत येईल त्याचा चेंदा! असं कोन करतंय का?"

"मग तू मला काय करायला सांगतोयस? इंजिन हा ट्रकचा बैल आहे. गाडी लहान गिअरमध्ये असली की इंजिन चाकांना धरून ठेवतं. न्यूट्रल टाकलं म्हणजे बैल सोडला."

"पण उस्ताद, ब्रेक असतोच की!"

"तळहात एकमेकांवर चोळ बघू. जोरानं चोळ. काय झालं?"

"गरम झाले."

"ब्रेकचं तेच आहे. लायनर चाकातल्या ड्रमवर घासतं, म्हणून गाडी थांबते. सारा भार ब्रेकवर टाकून मैलोन्‌मैल दाबत बसलं की लायनर तापतं. तापलं की त्याची पकड जाते. पाय दाबलेलाच असतो, पण गाडी ऐकत नाही. मग आपण म्हणतो, ब्रेक फेल. अरे, तो फेल झाला नाही, आपण त्याला फेल केला."

"आन् इंजिनच बंद केलं तर?"

"मग तर आणखी वाईट. आपले ब्रेक हवेवर चालतात. ती हवा भरतं कोण? इंजिन. ते बंद पडलं की नवी हवा भरत नाही. दर वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा थोडी कमी होते. स्टिअरिंगही दगडासारखं जड होतं. म्हणजे बैल सोडले, आणि गाडीवानाचे हातही बांधले!"

पोरगा गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "पण डिझेल वाचवलं नाही तर मालक बोलतो नव्हं?"

म्हातारा म्हणाला, "बोलू दे. आणि एक गोष्ट मालकालाही सांगावी. आजकालचं इंजिन गिअरमध्ये असताना आणि पायाखालचं ॲक्सिलरेटर सोडलेलं असताना उतारावर डिझेल पीतच नाही. चाकंच त्याला फिरवतात. उलट न्यूट्रलमध्ये ते चालू राहायला थोडं थोडं डिझेल पीत राहतं. म्हणजे न्यूट्रल टाकून पैसाही वाचत नाही आणि जीवही नाही. चल, चहा संपव. ज्या गिअरमध्ये चढ चढायचा, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा. हा पाठ विसरू नको."

४. वेगाचे सोपे गणित

तुम्हाला आता वजाबाकी येते. मग हे गणित करा.

गाडी ताशी जितके किलोमीटर जाते, त्यातून त्याचा दहावा हिस्सा वजा करा. जो आकडा येईल, जवळजवळ तितके फूट गाडी एका सेकंदात जाते.

ताशी २० किलोमीटर : २० वजा २, म्हणजे १८ फूट.
ताशी ३० किलोमीटर : ३० वजा ३, म्हणजे २७ फूट.
ताशी ४० किलोमीटर : ४० वजा ४, म्हणजे ३६ फूट.
ताशी ६० किलोमीटर : ६० वजा ६, म्हणजे ५४ फूट.

समोर पोर आडवे आले, तर ते दिसून पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो. त्या सेकंदात ३० च्या वेगाची गाडी २७ फूट पुढे गेलेली असते. मग ब्रेक लागतो. कोरड्या, सपाट रस्त्यावर चांगल्या मोटारीला थांबायला आणखी १६ फूट तरी लागतात. एकूण झाले ४३ फूट.

आता वेग दुप्पट करा, ६० करा. आधी ५४ फूट जातात. ब्रेक लागल्यावर १६ चे दुप्पट ३२ लागतील असे वाटते ना? तसे होत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. १६ चोक ६४. एकूण झाले ११८ फूट.

हे झाले मोटारीचे. भरलेला ट्रक, उतार आणि पावसाने ओला रस्ता असला, तर अंतर याहून कितीतरी वाढते. म्हणून उतारावर वेग कमी ठेवण्याच्या पाट्या लावतात, रस्त्यावर आडवे पट्टे घालतात, वेग मोजणारे कॅमेरे बसवतात. ते दंड वसूल करण्यासाठीच असतात असे समजू नका.

५. पायी चालणाऱ्यांसाठी

मावशी, काका, हा भाग तुमचा.

मोठा रस्ता धावत ओलांडू नका. मधल्या कठड्यावरून उडी मारू नका. पुलाखालून वाट असेल तर तिनेच जा. चार पावले जास्त पडतील, पण ती पडू द्या.

बाजूचा सर्व्हिस रस्ता ओलांडायचा असेल तर पुन्हा गणित करा. रस्ता २४ फूट रुंद आहे. तुम्ही सेकंदाला ३ फूट चालता. म्हणजे ८ सेकंद लागतील. ४० च्या वेगाची गाडी ८ सेकंदांत ३६ गुणिले ८, म्हणजे २८८ फूट येते. तेव्हा गाडी ३०० फुटांच्या आत असेल तर पाऊल टाकू नका. डोक्यावर ओझे असेल, हाताशी लेकरू असेल, गुडघे दुखत असतील, तर दीडपट अंतर धरा.

एका बाजूनेच गाड्या येतात, असेही समजू नका. सर्व्हिस रस्त्यावर उलट्या बाजूने दुचाक्या येतात. तसे येणे चूक आहे. पण धडक लागल्यावर चूक कोणाची हे विचारून हाड जुळत नाही. दोन्हीकडे पाहा.

दुचाकीवाल्यांनो, उताराच्या पायथ्याशी मोठ्या रस्त्याच्या कडेला फोनवर बोलत उभे राहू नका. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवे. हातात अडकवलेले हेल्मेट कोपर वाचवते, डोके वाचवत नाही.

६. अपघात दिसला तर

पुष्कळ माणसे जखमीला पाहून बाजूला होतात. त्यांना दया नसते असे नाही. भीती असते. "पोलीस आपल्यालाच धरतील. कोर्टाच्या फेऱ्या कोण मारील?"

ही भीती आता सोडा. मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, असे नियम २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू केले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यातही तसे कलम आले. जखमीला चांगल्या भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला होत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

१०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका फुकट येते. ११२ ला फोन केला तर पोलिसांची मदत मिळते. जागा नीट सांगा. कोणता पूल, कोणती बाजू, साताऱ्याकडे जाणारी की मुंबईकडे, जवळ कोणती पाटी आहे, ते वाचून सांगा. तुम्ही वाचायला शिकलात त्याचा उपयोग इथे होतो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. मान वाकडी करू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

धडक देऊन गाडी पळाली तर तिचा नंबर लिहून ठेवा. नंबर मिळाला नाही तरी घरच्यांनी हात टेकू नयेत. पळून गेलेल्या गाडीचा पत्ता लागला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या सरकारी योजनेत मृताच्या वारसांना २ लाख रुपये आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये भरपाई ठरली आहे. तिची चौकशी तहसील कचेरीत करावी. तसेच २०२५ साली सरकारने अपघातातील जखमींसाठी बिनपैशाच्या उपचारांची योजना काढली. ठरवून दिलेल्या इस्पितळांत, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यात बसतात. इस्पितळात पैसे मागितले तर आधी या योजनेबद्दल विचारा.

७. एवढे ध्यानात ठेवा

उतारावर न्यूट्रल नको. इंजिन बंद नको.
ब्रेकचा जळका वास आला की गाडी कडेला घ्या, थांबा, थंड होऊ द्या.
वेग दुप्पट, तर ब्रेकचे अंतर चौपट.
रस्ता ओलांडण्याआधी दोन्हीकडे पाहा.
जखमीला मदत करा. कायदा तुमच्या बाजूला आहे.
आणि आपल्या गल्लीत, आपल्या चौकात एकाच जागी अपघात होत असतील, तर त्यांच्या तारखा वहीत लिहा. दहा जणांच्या सह्या घ्या. अंगठे नकोत, सह्या घ्या. तो कागद महापालिकेच्या कचेरीत आणि पोलीस चौकीत द्या. पोच घ्यायला विसरू नका. तोंडाने सांगितलेले लोक विसरतात. कागद राहतो.

प्रश्न

१. उस्तादाने इंजिनाला बैल का म्हटले?
२. ब्रेक तापला की काय होते?
३. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात किती फूट जाते?
४. रस्ता ३० फूट रुंद आहे. एक आजी सेकंदाला २ फूट चालतात. त्यांना किती सेकंद लागतील? तेवढ्या वेळात ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी किती फूट येईल?
५. तुमच्या घराजवळची धोक्याची जागा कोणती? तिथे काय करायला हवे ते पाच ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.