एरिचे : वर गोडं पाणी, खाली मीठ

सुरुवातीलाच कबूल करते. ज्या गावाबद्दल हा लेख आहे तिथे मी गेलेले नाही. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नाहीये. शिवाय शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे घसरेल सांगता येत नाही. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे.

झालं असं की मागच्या सेमिस्टरला सर्व्हेइंगच्या सरांनी एक असाइनमेंट दिली. परदेशातला एक डोंगराळ किनारा घ्यायचा, नेटवर मिळणाऱ्या उंचीच्या डेटावरून कंटूर काढायचे आणि दोन गावं जोडणारा रस्ता आखायचा. चिठ्ठ्या टाकल्या. मला आला सिसिलीचा वायव्य कोपरा, म्हणजे इटलीच्या बुटापुढे जो चेंडू दिसतो त्याचा अगदी डावा भाग. रस्ता आखायचा होता स्कोपेल्लो ते सान वितो लो कापो. त्या रस्त्याचं काय झालं ते शेवटी सांगते. आधी त्याच शीटवर दुसऱ्या बाजूला जो डोंगर होता त्याबद्दल, कारण मी आठवडाभर रस्ता सोडून त्याच्याकडेच बघत बसले.

समुद्रात विळ्यासारखं घुसलेलं जमिनीचं टोक, त्यावर त्रापानी हे बंदर. नावाचा अर्थही विळाच, ग्रीकमध्ये 'द्रेपानोन'. त्याच्या पाठीशी डोंगर, उंची सुमारे ७५० मीटर, आणि माथ्यावर एरिचे हे मध्ययुगीन गाव. शीटवर बघितलं तर कंटूर एकमेकांना चिकटलेले, मध्ये त्रिकोणी सपाटी, आणि गावाची तटबंदी बरोब्बर त्या त्रिकोणाच्या कडेने. शेजारी दुसरा तेवढा उंच डोंगर नाही. हा एकटा.

कर्व्हेचर आणि रिफ्रॅक्शनचं ०.०६७३ डी स्क्वेअर आठवतंय ना? उलटं वापरून बघा. उंची ७५० मीटर घातली की क्षितिज येतं सुमारे १०५ किलोमीटरवर. इतक्या लांबचं गलबत डोळ्यांना दिसणार नाही हे मान्य. निम्मं धरा. शिडाचं जहाज ताशी ११ किलोमीटरने येत असेल तरी जवळजवळ पाच तास आधी खबर. समुद्री चाच्यांच्या काळात पाच तास म्हणजे गुरंढोरं, धान्य, पोरंबाळं सगळं तटाच्या आत. गाव इतकं उंचावर का, याचं हे अर्धं उत्तर. माझं आधी हेच पूर्ण उत्तर होतं, पण ते पुरत नाही. कारण नुसतं उंचावर बसून खाणार काय?

हे सगळ्यात छान कळतं ते हामिल्कार बार्काच्या गोष्टीत. हा हॅनिबलचा बाप. पहिल्या प्युनिक युद्धात, इ.स.पूर्व २४४ मध्ये, त्याने या डोंगरावरचं गाव घेतलं. गंमत म्हणजे त्याच्या वर माथ्याच्या देवळापाशी रोमन, खाली पायथ्याशीही रोमन, आणि मध्ये हा. तरी तो तिथे टिकला. मग हरला कसा? इ.स.पूर्व २४१ मध्ये त्याच्या सैन्याला रसद घेऊन येणारं कार्थेजचं आरमार समोरच्या एगादी बेटांजवळ रोमनांनी गाठलं आणि बुडवलं. डोंगरावर न हरलेला माणूस समुद्रात झालेल्या लढाईमुळे खाली उतरला! त्या जहाजांच्या नाकाला बसवलेले काशाचे रॅम गेल्या वीसेक वर्षांत समुद्रतळावरून वर काढले गेलेत, आणि त्यामुळे लढाईची नेमकी जागा सापडली.

माथ्यावरच्या देवीचंही असंच. फिनिशियन लोकांची अस्तार्ते, ग्रीकांची अफ्रोडाइटी, रोमनांची व्हीनस. खडक तोच. बाराव्या शतकात नॉर्मन लोकांनी त्याच जागी किल्ला बांधला, नाव मात्र अजून व्हीनसचाच किल्ला. तटाचे खालचे थर अवाढव्य दगडांचे, त्यांवर प्युनिक अक्षरं कोरलेली आहेत. वरचे थर नंतरच्या लोकांचे, बारीक दगडांचे. म्हणजे भिंतच वाचत गेलं तर टाइमलाइन मिळते.

आता पाणी. आपल्या हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्यांना हा विषय वेगळा समजावायला नको. इब्न जुबैर नावाचा अंदलुसी प्रवासी ११८४-८५ च्या हिवाळ्यात त्रापानीत जहाजाची वाट बघत अडकला होता. त्याने लिहून ठेवलंय की बंदरातल्या घरांच्या विहिरी खाऱ्या आणि वर डोंगरावर मात्र गोड्या पाण्याचे झरे. हे उलटं वाटतं, पण आहे सरळ. समुद्रावरची दमट हवा डोंगराला आपटून वर चढते, दर १०० मीटरला साधारण एक डिग्री थंड होते, आणि माथ्यावर धुकं धरतं. तिथले लोक या धुक्याला 'व्हीनसचे मुके' म्हणतात. (आमच्या सिस्टरांनी हे वाक्य खोडलं असतं.) शिवाय घरांच्या आतल्या चौकांत हौद, त्यांत पावसाचं पाणी. बाहेरून बघितलं तर गल्लीत नुसत्या दगडी भिंती. घराचं खरं तोंड आतल्या चौकाकडे.

वर गोडं पाणी आहे, तर खाली मीठ आहे. त्रापानीच्या दक्षिणेला मैलोन्‌मैल मिठागरं पसरली आहेत. अल-इद्रिसीने ११५४ साली राजा रॉजर दुसरा याच्यासाठी भूगोलाचा ग्रंथ पूर्ण केला, त्यात त्रापानीच्या वेशीलगतच्या मिठागराचा उल्लेख आहे.

मिठागर म्हणजे समुद्राचं पाणी उन्हात ठेवलं की झालं, असं मला वाटायचं. तसं नाहीये. पाणी आटत अर्ध्यावर आलं की आधी चुना खाली बसतो, आणखी आटलं की जिप्सम. खायचं मीठ पडायला दहातले नऊ भाग पाणी उडावं लागतं. आणि शेवटपर्यंत आटवलं तर मॅग्नेशियमचे क्षार येऊन सगळं कडू! म्हणून वाफ्यांची रांग असते. एका वाफ्यात चुना सोडायचा, पुढच्यात जिप्सम, मग शेवटच्या वाफ्यात मीठ, आणि उरलेलं कडू पाणी वेळेवर बाहेर. आपण लॅबमध्ये फ्रॅक्शनल क्रिस्टलायझेशन म्हणून जर्नलमध्ये उतरवतो ते हेच, फक्त बीकरच्या जागी शेत. एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी चढवायला पवनचक्कीला जोडलेला आर्किमिडीजचा स्क्रू वापरत. आर्किमिडीज या बेटाच्याच दुसऱ्या टोकाचा, सिराकुसाचा. आता काम बहुतेक मोटरपंपाने चालतं, काही चक्क्या दुरुस्त करून ठेवल्यात. हिवाळ्यात पाऊस येतो तेव्हा मिठाच्या ढिगांवर चक्क कौलं घालतात. समोर फाविन्याना बेटावर ट्यूना माशांचा मोठा धंदा होता. मासे खारवायला मीठ लागतंच. कुठलं, ते सांगायला नको.

पण मग समुद्राची भीती संपली आणि लोक हळूहळू खाली उतरले. आज एरिचे नगरपालिकेत २५ हजारांहून जास्त लोक राहतात, पण त्यांतले बहुतेक पायथ्याच्या वस्त्यांमध्ये. तटाच्या आत उरले काही शे. खालून वर केबल कार जाते, तीही वारा जोरात सुटला की बंद. गावाला पूर्वी मोन्ते सान जुलियानो म्हणायचे, १९३४ मध्ये एरिचे हे जुनं नाव परत दिलं. नावाने माणसं परत येत नाहीत, हे उघड आहे.

रिकामे झालेले मठ उरले. त्यांतल्या एका कॉन्व्हेंटमधल्या जोगिणी बदामाची मिठाई करून विकत. मारिया ग्रामातिको ही मुलगी १९५० च्या दशकात लहानपणीच तिथे आली, बघून बघून सगळं शिकली, आणि पुढे गावात स्वतःचं दुकान काढलं. त्यावर पुस्तकही आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये बारा वर्षं काढली, पण आम्हाला फक्त टेबल मॅनर्स शिकवले. असो.

बाकीच्या मठांत १९६३ मध्ये वेगळीच मंडळी आली. त्रापानीचेच भौतिकशास्त्रज्ञ आन्तोनिनो झिकिकी यांनी तिथे विज्ञान केंद्र काढलं. नाव एत्तोरे मायोराना यांचं. हे सिसिलीचे बुद्धिमान भौतिकशास्त्रज्ञ मार्च १९३८ मध्ये बोटीच्या प्रवासात नाहीसे झाले ते झालेच. जिथे जोगी राहायचे तिथे आता जगभरचे विद्यार्थी राहतात आणि प्रार्थनेच्या जागी लेक्चर चालतं. १९८२ मध्ये डिरॅक, कापित्झा आणि झिकिकी यांनी इथेच एक निवेदन लिहिलं, की विज्ञानात गुप्त प्रयोगशाळा नकोत. नंतर त्यावर हजारो शास्त्रज्ञांनी सह्या केल्या. मला यातलं आवडतं ते हे, की नवीन बिल्डिंग बांधली नाही. जुन्या भिंती दुरुस्त केल्या.

आता माझा रस्ता. सान वितोचा भाग विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत याच एरिचेच्या हद्दीत होता. एरिचेहून ईशान्येला बघितलं की आधी मोन्ते कोफानोचा सुळका, त्यापलीकडे सान वितोचं टोक, आणि त्या टोकाच्या पूर्व अंगाला स्कोपेल्लोपर्यंत उभे कडे आणि छोट्या खाड्या. मी साधारण ६० मीटरचा कंटूर धरला, तो जवळजवळ तसाच पुढे जातो. कटिंग कमी, ग्रेड हलकी, स्कोपेल्लोच्या बाजूला एक छोटा बोगदा. दहापैकी नऊ मार्क. मेसमध्ये मी पार्टी दिली.

मग रिपोर्टची प्रस्तावना लिहायला माहिती शोधली तर कळलं, की हा रस्ता खरोखरच निघाला होता! काम सुरू झालं होतं. १८ मे १९८० रोजी हजारो लोक त्या किनाऱ्यावरून चालत गेले आणि रस्ता नको म्हणाले. काम थांबलं. १९८१ मध्ये तिथे झिंगारो हे राखीव क्षेत्र झालं, सिसिलीतलं पहिलं. सात किलोमीटरची पायवाट आहे, बुटके ताड आहेत, उझ्झोची गुहा आहे, तिथे हजारो वर्षांपूर्वीची दफनं सापडलीत. आणि स्कोपेल्लोच्या बाजूने आत शिरलं की पहिल्यांदा लागतो तो अर्धवट रस्त्याचा बोगदा, तसाच सोडलेला. माझ्या शीटवर होता त्याच बाजूला.

मी शीट घेऊन केबिनमध्ये गेले. "सर, हा रस्ता लोकांनीच थांबवलाय," म्हटलं. सरांनी बराच वेळ शीट बघितली. म्हणाले, "अगं, मार्क मी कमी करणार नाही. तुझा ग्रेड बरोबर आहे. पण आता त्या सात किलोमीटरना हात न लावता सान वितोला पोचव बघू."

दोन रात्री जागून आतून, डोंगरांच्या मागून वळसा घातला. लांबी कितीतरी पटीने वाढली. दुसऱ्या शीटला सात मिळाले. एका वळणावर ग्रेड जास्त गेली होती.